कुठलं गाठोडं?

मोरबाळेबाई कुणाच्याही घरी गेल्या की हातात आलेलं भांडं आधी उलटं करून बघायच्या. पाणी दिलं की पाणी पिऊन झाल्यावर फुलपात्र पालथं. फराळाची ताटली आली की चिवडा एका कडेला सारून तिचा काठ. एका लग्नात वाढपी आमटीची बादली घेऊन पुढ्यात थांबलाय आणि बाई मान वाकडी करून त्या बादलीवरचं नाव वाचतायत, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आपल्याकडे भांड्यावर नाव घालून घ्यायची पद्धत, त्यामुळे वाचायला काहीतरी असायचंच. शाळेत सगळ्यांची खात्री होती की बाईंचं एखादं भांडं कुणीतरी ढापलंय आणि त्या त्याच्या मागावर आहेत. त्यावरून आम्ही खूप हसायचो. सगळ्यात जास्त मी.

मी शाळेत लागले तेव्हा त्यांना तिथे वीस वर्षं झाली होती. शाळा मुलींची आणि विषय शिवणकाम. म्हणजे वेळापत्रकात शेवटचा तास आणि स्टाफरूममध्ये पंख्यापासून सगळ्यात लांबची खुर्ची. गणिताला तास कमी पडला की शिवणाचा घ्यायचा, असा रिवाज. बाईंच्या बाबतीत तो एकदाच पाळायचा प्रयत्न झाला. गणिताचे सर वर्गात शिरायला गेले तर बाई दारातच उभ्या, गळ्यात टेप, हातात कात्री.

"या की सर. मागच्या बाकावर बसा. काजं करायला शिकवतो तुमास्नी."

सर पुन्हा त्या वर्गाकडे फिरकले नाहीत. 'शिकवतो' असंच म्हणायच्या त्या. आमच्या कोल्हापुरात बायका स्वतःबद्दल मी आलो, मी गेलो असंच बोलतात. बाकीच्या आम्ही नोकरी लागली तशा शहाण्या झालो आणि ते बोलणं घरी ठेवून यायला लागलो. बाई काही शहाण्या झाल्या नाहीत.

वर्गात त्यांचा एकच शब्द होता: उसव. टीप वाकडी गेली, उसव. बाही उलटी लागली, उसव. मुली फार चतुर. चुकलेल्या शिवणीवरून दुसरी शिवण घालून द्यायच्या, वरून झकास दिसायचं. बाई कापड उलटं करायच्या, नखाने ती शिवण चाचपायच्या आणि ब्लेड पुढे करायच्या. "चुकलं त्याला काय न्हाय गं. म्या पण चुकतो. पर चुकलेल्यावर झाकण घालायचं न्हाय. आधी उसव, मग रड." मुली रडत रडत उसवायच्या. त्यांतल्या कितीतरी जणींची आज स्वतःची शिवणाची दुकानं आहेत आणि सगळ्या बाईंचं नाव काढतात.

एकदा शाळेत हस्तकलेचं प्रदर्शन होतं आणि कुणी मोठे साहेब बघायला येणार होते. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकेने, हौसेने एक झालरीचा फ्रॉक शिंप्याकडून शिवून आणला आणि सातवीतल्या एका मुलीच्या नावाची चिठ्ठी लावून मधोमध टांगला. साहेबांना नेमका तोच आवडला. "वा! केवढी सफाई!" असं ते म्हणाले आणि त्यांनी शिवणाच्या बाई कोण म्हणून विचारलं. मोरबाळेबाई पुढे झाल्या.

"ते शिंप्याचं हाय, साहेब. आमच्या पोरींचं हिकडं हाय. जरा वाकडं हाय, पर त्यांचं हाय."

साहेब हसले, मोठ्या बाई मात्र वर्षभर हसल्या नाहीत. आम्ही स्टाफरूममध्ये म्हणायचो, मोरबाळेबाईंना खरं बोलायची खोड आहे. खोड म्हणायचो आम्ही. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा आम्हाला तो शब्द बरोबर वाटत होता.

आणखी एक. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या सगळ्यांकडे यायच्या, तिळगूळ घ्यायच्या, ओटी घ्यायच्या; पण वाण म्हणून भांडं दिलं की हात मागे. "दुसऱ्याचं भांडं नगं बाई मला." किती आग्रह करा, नाही म्हणजे नाही. आम्ही त्यांच्यासाठी वेगळा रुमाल नाहीतर गजरा ठेवायला लागलो.

अशाच एका हळदीकुंकवाला त्या माझ्याकडे आल्या होत्या. माझं लग्न होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. दूध पितळेच्या मोठ्या पातेल्यात तापत ठेवलं होतं. जुनं, जाड बुडाचं, सासूबाईंनी गावाकडून दिलेलं. माझं सासर गडहिंग्लज तालुक्यातलं, नेसरीच्या अलीकडचं. बाई स्वयंपाकघरात आल्या, दूध उतरवायला मदत म्हणून पातेलं चिमट्याने धरलं आणि सवयीने काठ बघितला. काठावर दोन बोटं रुंद जागा कानशीने घासल्यासारखी होती. खरखरीत. मी ती रोज बघत होते आणि कधीच बघितली नव्हती. बाईंनी पदराआडून अंगठा त्या जागेवरून एकदा फिरवला.

"हे कुणाचं?"

"सासूबाईंचं. जुनं आहे, मोडीतलं असेल," मी म्हणाले.

"असंल," बाई म्हणाल्या आणि बाहेर जाऊन बसल्या. तिळगूळ घेतला नाही, हे मला त्या गेल्यावर लक्षात आलं.

पुढे त्या निवृत्त झाल्या. यजमान आधीच गेले होते, मूलबाळ नव्हतं. राजारामपुरीत एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर त्या एकट्या राहायच्या. खाली दातांचा दवाखाना, वर कोचिंग क्लास. दिवसभर जिन्यात पोरांच्या चपलांचा ढीग. बाई त्या चपला जोडीने लावून ठेवायच्या आणि पोरांना दम भरायच्या. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायची. मग तेही कमी झालं.

मी निवृत्तीला आले तेव्हा शाळेचा मोठा वर्धापनदिन ठरला आणि स्मरणिकेचं काम माझ्या गळ्यात पडलं. मला वाटलं, तेच ते संदेश आणि तेच ते फोटो छापण्यापेक्षा काही वेगळं करावं. शाळेशी संबंधित म्हाताऱ्या माणसांनी आयुष्यात जे मोठं घडताना पाहिलं ते त्यांच्याकडून लिहून घ्यायचं ठरवलं. सदराचं नाव 'आम्ही तिथे होतो'. कल्पना सगळ्यांना आवडली. जुने क्लार्क कोयनेच्या भूकंपाचं सांगून गेले. घर हललं तेव्हा ते पोरांना सोडून ट्रंक घेऊन पळाले होते आणि बायकोने ते त्यांना जन्मभर ऐकवलं. एका माजी विद्यार्थिनीच्या वडलांनी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाचं सांगितलं. मी खुशीत होते.

मोरबाळेबाईंना मी विचारलं नव्हतं. शिवणाच्या बाईंनी काय पाहिलं असणार, असं मला वाटलं असावं. एके दिवशी त्यांचाच फोन आला. "सुधा, तू म्हाताऱ्यांचं लिवून घ्यालीस म्हणं. माझं पण घे. मी बी तिथं हुतो."

"कुठे होता बाई?"

"ये तर खरं."

मी वही घेऊन गेले. दुपारची वेळ होती. बाईंनी टेबलावर जुन्या लुगड्यात बांधलेलं एक गाठोडं ठेवलं होतं. त्यांनी ते सोडलं. आत पितळेची पाच भांडी होती: तांब्या, परात, दोन डबे, एक लहान हंडी. चिंचेने घासून लखलखीत केलेली. प्रत्येकाच्या काठावर एकेक खरखरीत जागा.

पुढचं सगळं मी त्या बोलल्या तसं लिहून घेतलं होतं. ती वही आजही माझ्याजवळ आहे.

"आमच्या गावात बामणाचं एकच घर. कुलकर्ण्यांचं. त्या काकूंकडं मी शिवण शिकाय जायचो. अकरा-बारा वर्साचा आसंन. काकूंनी माझ्या हाताला वळण लावलं. काज करायचं, तुरपाई करायची, आणि चुकलं की उसवायचं, ते सगळं त्यांचं. मी काय जलमल्यापास्नं शिकून आलतो व्हय? पर शिवाशीव असायची. मी सोप्यात बसायचो, त्या आत. आमच्यातलं पाणी त्या प्यायच्या न्हाईत.

"मग गांधीजींस्नी मारलं. मारणारा कुठल्या जातीचा ते कळलं आणि गावोगाव घरं जळाय लागली. आमच्यात बातमी आली त्या दिवशी सकाळी काकूंनी मला मागच्या दारी बोलावलं. हे गाठोडं दिलं. म्हणाल्या, 'आईकडे ठेव गं जपून. आठ दिवसांनी येऊन घेऊन जाईन.' गाडी जुपून ती सगळी गडहिंग्लजला गेली. आणि दुपारी घर जाळलं. लोक म्हणत्यात, बाहेरगावची माणसं आलती. आलती की! पर घर दाखवायला गावचीच हुती. आमचा बा म्हणायचा, मी आग इझवाय गेलतो. त्याच्या हाताला रॉकेलचा वास येत हुता, सुधा. ते पण लिव."

मी लिहिलं.

"दोन-चार दिसांनी अव्वानं, माझ्या आईनं, कानस आणली आणि नावं घासून काढली. म्हणाली, आता कुठली येत्यात ती. हिच्या लग्नात हुतील. गावात कुणी दारं न्हेली, कुणी कपाट न्हेलं. ते लुटून न्हेलं. आमी लुटलं न्हाय. आमच्याकडं इस्वासानं ठेवल्यालं आमी खाल्लं. त्यानं जास्त लागतंय.

"महिन्यानं काकू आल्या. चालत. संगट त्यांचा ल्योक, सहा-सात वर्साचा. जळकं घर बगून आमच्या दारात हुब्या ऱ्हायल्या. अव्वा आत लपली आणि मला म्हणाली, सांग जा, आई घरात न्हाय. मी गेलो. काकू म्हणाल्या, 'अगं, ते गाठोडं...' आणि मी म्हणालो, 'कुठलं गाठोडं?'"

 हातातला तांब्या बाईंनी टेबलावर ठेवला आणि तोंडावरून पदर फिरवला.

"अव्वानं शिकवलं न्हवतं ते. माझ्याच तोंडातनं आलं. 'कुठलं गाठोडं?' काकू माझ्याकडं बगत ऱ्हायल्या. मग म्हणाल्या, 'बरं. पाणी तरी देतेस का? याला तहान लागलीय.' मी पळत आत गेलो, घागरीपाशी जो तांब्या हुता त्यो भरला आणि आणून दिला. त्यो हाच. गडबडीत माझ्या ध्यानातच आलं न्हाय. त्यांनी हातात घेतला आणि अंगठा बरोबर त्या घासलेल्या जागेवर गेला. रोजचं भांडं, हात वळकतोच की. आधी पोराला पाजलं. आणि मग आमच्या घरचं पाणी कवा न प्यालेल्या त्या काकू सोता प्याल्या. तांब्या पायरीवर ठेवला. 'येते हं,' म्हणाल्या आणि गेल्या. शिव्या घालायच्या हुत्या गं. एक थोबाडीत तरी द्यायची हुती."

त्यांनी पुन्हा गाठोडं बांधलं. ही भांडी लग्नात त्यांच्याबरोबर आली होती. सासरी नवीन नाव घालायला कासाराकडे न्यायची म्हटल्यावर त्यांनी अंगावर येऊन नाही म्हटलं होतं. स्वयंपाकात कधी वापरली नाहीत. आणि लोकांकडची भांडी उलटी करून बघायचं कारण एवढंच होतं, की त्या घरातलं आणखी काही कुठे सापडतंय का आणि त्यावरून त्या लोकांचा माग लागतोय का, ते बघायचं.

"पासष्ट वर्सं झाली. सवड न्हवती असं न्हाय, तोंड न्हवतं. आता माझं किती दीस ऱ्हायलं? त्यांच्यातलं कुणी जित्तं असलं तर त्यांस्नी कळू दे. माझं नाव घालून छाप. त्यांचं आडनाव, गावाचं नाव, समदं छाप. आणि 'कुठलं गाठोडं' हे मी म्हणालो ते गाळू नगंस. गाळलंस तर बाकीचं छापू पण नगंस."

मी मान डोलावली. डोळ्यांत पाणी आलं होतं. खोटं नव्हतं ते.

घरी आले, लिहायला बसले आणि लिहिता लिहिता बदलायला लागले. रॉकेलचा वास पहिल्यांदा गेला. उगीच वाद नको. मग 'गावचीच हुती' गेलं. मग कानस गेली. 'कुठलं गाठोडं' शेवटपर्यंत ठेवलं होतं, पण कानस गेल्यावर ते अधांतरी दिसायला लागलं, म्हणून तेही काढलं. काकूंचं आडनाव आणि गावाचं नाव तेवढं राहू दिलं. बाकी राहिलं ते असं: एका लहान मुलीने वणव्यात शेजारणीची ठेव छातीशी धरून वाचवली, घर गेलं, माणसं परागंदा झाली आणि ती मुलगी म्हातारी झाली तरी ठेवीच्या मालकांची वाट पाहते आहे. वर एक मधलं शीर्षक दिलं: 'माणुसकीचा ओलावा'. माझ्याच हाताने दिलं.

मी स्वतःला सांगितलं की बाईंसाठी केलं. या वयात त्यांच्या नावाला कशाला बट्टा? पण खरं ते मला तेव्हाही कळत होतं. वहीतलं 'कानस' वाचताना माझ्या डोळ्यांपुढे माझ्या ओट्यावरचं पातेलं होतं. माझ्या सासरचं गाव त्यांच्या गावापासून चार मैलांवर. सासऱ्यांच्या वडलांचं तिथे मोठं नाव. बाईंचं जसंच्या तसं छापलं असतं, तर ते वाचून माझ्या घरातलं कुणीतरी उठलं असतं आणि काठावर बोट ठेवून मला विचारलं असतं.

तेवढ्यात बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यांवर काळा चष्मा, वाचायची बंदी. फोनवर त्यांनी विचारलं, "आलं का गं?" मी म्हणाले, "आलंय बाई, फार छान आलंय." त्यांनी पुढे विचारलं नाही. त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

छापायला द्यायच्या आधी मी तो लेख माजी विद्यार्थिनींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. वाहवा व्हावी म्हणूनच टाकला. ती झाली, आणि लेख इकडून तिकडे फिरत आठ दिवसांत सांगलीला एका बाईंपर्यंत पोचला. त्यांचा मला फोन आला. नाव मेधा. त्या कुलकर्णीकाकूंची नात. तांब्याने पाणी प्यालेल्या त्या मुलाची मुलगी. आजी आणि वडील दोघंही गेले होते. फोनवर ती रडत होती. मी तिला कार्यक्रमालाच बोलावलं. बाईंना सांगितलं नाही. म्हटलं, त्यांना आनंदाचा धक्का देऊ.

कार्यक्रमात निवेदकाने माझा मजकूर भरल्या आवाजात वाचला. बाई मंचावर काळा चष्मा लावून बसल्या होत्या. ऐकता ऐकता त्यांची मान माझ्याकडे वळली. तेवढ्यात मेधाला वर बोलावलं. तिने सगळ्यांसमोर बाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. "तुम्ही आमच्या आजीची ठेव जपलीत," ती म्हणाली. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

"उठ, पोरी, उठ," बाई म्हणाल्या. "मी काय जपली न्हाय. मी न्हाय म्हणून सांगितलं." टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही. मला गेलं, कारण मी शेजारीच उभी होते आणि माईक माझ्या हातात होता. बाईंनी माईकसाठी हात पुढे केला. मी तो निवेदकाकडे दिला. निवेदक म्हणाला, "बाईंना शब्द सुचत नाहीयेत." लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई रिक्षाने माझ्या घरी आल्या. स्मरणिकेचं ते पान त्यांनी वरच्या क्लासमधल्या एका मुलीकडून वाचून घेतलं होतं.

"हे उसव," त्या म्हणाल्या.

"बाई, हजार प्रती वाटून झाल्या. आता कसं..."

"का केलंस?"

"तुमच्यासाठीच केलं. तुमचं नाव..."

त्या उठल्या, भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात गेल्या आणि पातेलं घेऊन आल्या. दूध होतं आत, ते सांडत होतं. माझ्यासमोर टेबलावर त्यांनी ते आदळलं.

"माझ्यासाठी?"

दूध टेबलावरून खाली गळत होतं, मी फडकं घेऊन ते पुसायला लागले.   त्यांनी फक्त मेधाचा पत्ता मागितला आणि मी तो लिहून दिला.

चार दिवसांनी त्या सांगलीला निघाल्या. मी स्टँडवर गेले. मांडीवर गाठोडं घेऊन त्या बाकावर बसल्या होत्या. मी म्हटलं, डोळ्याचं अजून ताजं आहे, मी बरोबर येते.

"तू नगंस," त्या म्हणाल्या. "तू आलीस तर तिथं पण माझं चांगलंच सांगशील."

तिथे काय झालं ते मेधाने फोनवर सांगितलं. बाई दारातच उभ्या राहून सगळं बोलल्या. बसल्या नाहीत, पाणी घेतलं नाही. रॉकेलपासून कानशीपर्यंत एक शब्द गाळला नाही. मेधाने भांडी घेतली. "आजी त्या गावाबद्दल कधीच बोलायची नाही," ती म्हणाली. "एकदाच म्हणाली होती, की निघताना एका घरी पाणी मिळालं." मग म्हणाली, "खरं सांगू? तुम्ही लिहिलं होतं तेच बरं होतं." मी फोन ठेवला. तिच्यावर रागावायचा मला काय अधिकार होता?

शाळेच्या पुढच्या वार्षिक अंकात दुरुस्ती छापीन असं मी बाईंना कबूल केलं होतं. दिवाळी झाली की बघू, परीक्षा झाल्या की बघू, असं करत मी ते ढकललं. समितीने अडवलं असतं असं सांगायला मला आवडलं असतं, पण मी समितीला कधी विचारलंच नाही. बाई गेल्या तेव्हा गल्लीच्या तोंडावर त्यांच्या फोटोचा मोठा बोर्ड लागला होता. त्यावर नावाच्या वर लिहिलं होतं, 'परक्याची ठेव प्राणापलीकडे जपणाऱ्या'. शब्द माझ्याच लेखातले होते.

त्याच्या आधी पंधरा दिवस मी त्यांना बघायला गेले होते. तेच आमचं शेवटचं भेटणं. त्या खाटेवर होत्या, अगदी वाळल्या होत्या. मी चहा केला. तेवढ्यात समोरच्या घरातली एक तरुण बाई आपल्या लहान मुलीला घेऊन आली. मुलीला पुढे करून म्हणाली, "पाया पड. ह्या आजी फार मोठ्या हाईत. ह्यांनी दुसऱ्यांचं सोनंनाणं जपून ठेवलं, घर जळत असताना." भांड्यांचं आता सोनंनाणं झालं होतं.

"खोटं हाय ते," बाई म्हणाल्या. आवाज बारीक होता पण स्पष्ट होता. "मी जपलं न्हाय. दडपलं."

ती बाई कौतुकाने हसली. "बगितलंस का?" ती मुलीला म्हणाली. "मोठी माणसं अशीच असत्यात. सोताचं कवा चांगलं सांगायची न्हाईत."

"अगं बाई, खरंच सांगतोय मी." बाईंनी उठून बसायचा प्रयत्न केला. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हिला इचार. हिनं लिवलंय. हिला समदं म्हाईत हाय."

ती माझ्याकडे वळली. "व्हय हो बाई? तुमीच सांगा आता."

मोरबाळेबाई माझ्याकडे बघत होत्या. ऑपरेशन झालेले डोळे त्यांनी मोठे केले होते. त्यात राग नव्हता. वर्गात एखाद्या मुलीच्या हातात ब्लेड दिल्यावर त्या थांबायच्या, तशा थांबल्या होत्या. लहान मुलगीही माझ्याकडे बघत होती.

"बाईंना आता विश्रांती हवी," मी म्हणाले, आणि चहाचे कप उचलून आत घेऊन गेले.